रेझिस्टिव्हिटीची शिबिरे विहिरीपाशी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटली की विद्यापीठांच्या भूशास्त्र आणि भूभौतिकी विभागांची शिबिरे सुरू होतात. मोकळे माळरान गाठायचे, रेझिस्टिव्हिटीची, म्हणजे जमीन विजेला किती अडवते त्या रोधकतेची, दोन-चार साउंडिंग (जमिनीत रोवलेल्या सळयांमधले अंतर वाढवत खोलवरची मोजणी) घ्यायची, आलेख संगणकात घालायचा. संगणक तीन थर काढून देतो आणि अहवाल जमा होतो. त्या तीन थरांचा खालच्या जमिनीशी मेळ आहे का, हे बघायची सोय माळरानावर नसते. म्हणून आमची सूचना : शिबिर न बांधलेल्या, उघड्या विहिरीपाशी घ्यावे.

दख्खनच्या बेसाल्टातल्या विहिरीत काळी माती, मुरूम, भेगाळ खडक आणि कातळ काठावरून दिसतात. टेपच्या टोकाला दगड बांधून प्रत्येक थराची आणि पाण्याची खोली आधी लिहून घ्यावी. साउंडिंग मात्र विहिरीला खेटून नको. विहिरीची पोकळी आणि मोटारीचे अर्थिंग रीडिंग बिघडवतात. सळयांच्या रांगेचा मध्यबिंदू वीस-पंचवीस मीटर बाजूला धरावा. पीव्हीसीची पाइपलाइन चालते. लोखंडी पाइप, तारेचे कुंपण आणि ट्रान्सफॉर्मर टाळावेत. विजेचा हा उपद्रव जुनाच आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला पर्याय शोधावा लागला आणि १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली.

श्लुम्बर्जर मांडणीत बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजतात. विद्यार्थी हमखास अडकतात ते आतले अंतर कधी वाढवायचे इथे. समजा, रोधकता ५० ओहम-मीटर आहे आणि प्रवाह १०० मिलिअँपिअर. बाहेरची सळई मध्यापासून २० मीटरवर आणि आतली १ मीटरवर असेल तर मोजणीयंत्रावर सुमारे ८ मिलिव्होल्ट दिसतात. बाहेरची १०० मीटरवर नेली आणि आतली तशीच ठेवली, तर उरतात जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट. एवढ्या क्षीण दाबात जमिनीचा स्वतःचा विद्युतदाब आणि आसपासच्या विजेचा गोंधळ मिसळला की आकडा नाचू लागतो. आतली सळई १० मीटरवर नेली की पुन्हा सुमारे ३ मिलिव्होल्ट मिळतात. बदल करताना बाहेरच्या एकाच अंतरावर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मांडणीत रीडिंग घ्यायचे. दोन्हींत मोठा फरक पडला तर आतल्या सळयांजवळची जमीन एकसारखी नाही असे समजावे.

सळई ठोकायचीही रीत आहे. दीड मीटरच्या अंतराला पाच-सात सेंटीमीटर पुरे. तिथे फूटभर ठोकली तर सूत्र सळईला ‘बिंदू’ धरते, तशी ती राहतच नाही. दूर गेल्यावर खोल ठोकावी. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, सळईभोवती हवा राहते आणि प्रवाहच जात नाही. तेव्हा बाहेरच्या सळयांना मिठाचे पाणी घालतात, पण अंतर कमी असताना ते बेताने, कारण ओल पसरते. प्रवाह सोडण्याआधी मोठ्याने हाक द्यायलाच हवी. त्या सळयांवर शेकडो व्होल्ट असू शकतात, आणि शेतात गुरेही असतात.

बाहेरच्या सळईचे अंतर आणि रोधकता यांचा आलेख लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्ष दहापटीच्या मापाचे), तिथल्या तिथे, पेन्सिलने काढावा. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर सळया हलवण्याआधीच रीडिंग पुन्हा घेता येते. आडव्या थरांच्या जमिनीत चढ ४५ अंशांपेक्षा तीव्र होऊच शकत नाही. तसा दिसला तर आधी वायरचे इन्सुलेशन तपासावे, मग जवळपास डाइक (खडकात उभा घुसलेला दुसरा खडक) किंवा कातळाची भिंत आहे का ते पाहावे. संध्याकाळी संगणकावर हेच कळले तर उपयोग काय?

आता विहीर का, ते. दोन जास्त रोधकतेच्या थरांमध्ये २० ओहम-मीटरचा १० मीटर जाड थर असो की १० ओहम-मीटरचा ५ मीटर जाड, आलेख जवळजवळ तोच येतो. जाडी आणि रोधकता यांचे गुणोत्तर दोन्हींत सारखेच. संगणक यातले एक उत्तर निवडून दशांशासह छापतो. विहिरीत टेप सोडलेल्या विद्यार्थ्याला खरे कोणते ते कळते. खोलवरचा दोन मीटरचा पाणीदार थर तर आलेखात उमटतही नाही. बाहेरच्या सळईचे अंतर म्हणजेच खोली, हा गैरसमजही विहिरीपाशीच फिटतो.

कमी रोधकता म्हणजे पाणी, असेही नाही. चिकण मातीची रोधकता कमीच असते, आणि पूर्णा खोऱ्यातल्या अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात आकडा घसरला तर खाली खारे पाणी असण्याचीच शक्यता मोठी. त्यामुळे तिथल्या विहिरीचे पाणी बाटलीत घेऊन त्याची विद्युतवाहकता मोजणे हाही शिबिराचाच भाग असावा.

एका साउंडिंगला पाच माणसे आणि दीड-दोन तास लागतात : एक मोजणीयंत्रावर, एक वहीवर, दोघे टोकांना, एक आतल्या सळयांवर. पंचवीस जणांच्या तुकडीला एकच यंत्र देऊन एका दिवसात परत आणले, तर वीस जण नुसते बघतात. तीन दिवस, दोन यंत्रे आणि जागांची अदलाबदल एवढे तरी अभ्यासक्रमात बंधनकारक असावे. बिघडलेली रीडिंगही वहीत तशीच ठेवावीत, खोडू नयेत. आणि आलेखाची एक प्रत विहीरमालकाला द्यावी.

आपले,
भूभौतिकी विषयाचे दोन अध्यापक