स्फटिक वाढवला, संदर्भ कुठून आणू?

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री, भारत सरकार, यांस

सादर नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. एका अनुदानित महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. गेल्या मंगळवारी माझ्या विद्यार्थिनीचा एम.एस्सी.चा प्रकल्प परीक्षकांनी परत पाठवला. तिने केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) या क्षाराच्या द्रावणात ग्लायसीन हे अमिनो आम्ल मिसळून स्फटिक वाढवले होते. बीकरच्या तोंडावर भोकं पाडलेला कागद बांधायचा आणि द्रावण हळूहळू आटू द्यायचं. आमच्याकडच्या पावसात हवा इतकी दमट की ते आटतच नाही. दोनदा तळाशी नुसता चुरा बसला. तिसऱ्यांदा नखाएवढा, काचेसारखा स्वच्छ स्फटिक मिळाला. एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी रचना तपासायला, तो रुमालात गुंडाळून आम्ही एसटीने कोल्हापूरला नेला. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "याआधीच्या कामाशी तुलना कुठे आहे?"

ती तुलना कुलपात आहे, साहेब. क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस फुकट उघडतो, तिथे शुद्ध केडीपीची रचना मिळते. एकक पेशीच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वात छोट्या ठोकळ्याच्या, बाजू साधारण ७.४५ आणि ६.९७ अँगस्ट्रॉम. पण ग्लायसीन किती घातलं, पीएच किती ठेवला, एक्सआरडीच्या आलेखातलं कोणतं शिखर किती सरकलं, हे शोधनिबंधातच असतं. आम्हाला हवे असलेले निबंध तीस-पस्तीस डॉलरला एक. मुलीचे वडील बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत साचे भरतात.

२५ नोव्हेंबर २०२४ ला आपल्या मंत्रिमंडळाने 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' ही शोधनियतकालिकं सरकारी खर्चाने वाचायला देणारी योजना मंजूर केली. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, १ कोटी ८० लाख लाभार्थी. ती बातमी मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं, योजना सरकारी संस्थांपुरती. माझा पगार सरकारी तिजोरीतून येतो, माझे विद्यार्थी मात्र या राष्ट्रात मोजलेच गेले नाहीत. तेव्हापासून पन्नाशीतला मी रात्री अकरा वाजता सरकारी संस्थेतल्या जुन्या मित्राला फोन करतो, एवढी एक पीडीएफ पाठव म्हणून. आता तोही फोन उचलत नाही. मला त्याचा राग नाही, आपला आहे.

आणि आम्ही पडलो सीमाभागातले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. वाद पेटला की बस सीमेवर अडतात आणि प्रयोगशाळेची महिनाभर आधी घेतलेली तारीख बुडते. दोन्ही राज्यांचे पुढारी आमच्या भाषेवर तासभर बोलतात. आमच्या मुलांना वाचायला काय मिळतं, हे एकानेही येऊन विचारलेलं नाही. कर्नाटक विधिमंडळाची शेकडो कोटींची इमारत बेळगावजवळ हलग्याला उभी राहिली, ग्रंथालयाला नियतकालिकांसाठी पैसे नाहीत म्हणे!

अनुदानित महाविद्यालयांना योजनेत घ्या. त्याला वेळ लागणार असेल तर तोवर जिल्ह्यातल्या एखाद्या सरकारी ग्रंथालयात आमच्या मुलांना बसून वाचू द्या. ओळखपत्र दाखवून, हवं तर रविवारीच.

प्रकल्प पुन्हा सादर करायला तिला महिनाअखेरची मुदत आहे. हव्या असलेल्या सहा निबंधांची यादी सोबत जोडली आहे.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक प्राध्यापक