टॅमनीच्या पापाचे धनी एकटे आयरिश?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कवरचा लेख वाचला. टॅमनी हॉल ही डेमोक्रॅटिक पक्षाची शहरातली संघटना, तिच्या जोरावर शहराची तिजोरी लुटणारा तिचा पुढारी बॉस ट्वीड, रस्त्यावरच्या दंगली, सगळं छान रंगवलं आहे. पण लेखाचा एकूण सूर असा, की शहर सुखाने नांदत होतं, मग आयरिश लोंढे आले आणि लाचखोरी न् दंगे बोटीतून सोबत घेऊन उतरले. माझी उभी हयात नगरपालिकेच्या लेखा विभागात गेली. बिल समोर आलं की रकमेच्याही आधी खाली सही कुणाची ते बघायची खोड लागली आहे, म्हणून हे पत्र.

ट्वीडच्या टोळीत मुख्य चौघे. विल्यम ट्वीड 1823 साली न्यूयॉर्कातच जन्मलेला, खुर्च्या बनवणाऱ्याचा मुलगा, घराणं मूळचं स्कॉटिश आणि प्रोटेस्टंट. महापौर ओकी हॉल हाही अमेरिकेतच जन्मलेला प्रोटेस्टंट. पीटर स्वीनीचे आईबाप आयरिश, पण तो स्वतः न्यूयॉर्कचा. आयर्लंडमध्ये जन्मलेला एकटा रिचर्ड कॉनोली, ज्याच्या हाती शहराचे हिशेब होते.

चेंबर्स स्ट्रीटवर काउंटी कोर्टाची इमारत बांधायला घेतली, तेव्हा मंजूर रक्कम होती अडीच लाख डॉलर. खर्च गेला सव्वा कोटीच्या आसपास. अमेरिकेने 1867 साली रशियाकडून अख्खं अलास्का घेतलं ते 72 लाखांत! अँड्र्यू गार्वी नावाच्या प्लास्टरवाल्याचं एक बिल दोन दिवसांच्या कामाचं आहे, रक्कम 1,33,187 डॉलर. मोजमाप पुस्तकात हे नेमकं कोणत्या भिंतीवर चढवलं असेल, हा प्रश्न मला आजही छळतो. पद्धत मात्र ओळखीची. ठेकेदाराने बिल फुगवून द्यायचं, वरची टक्केवारी टोळीला पोचवायची. शेवटी शेवटी बिलातले 65 टक्के टोळीचे आणि 35 ठेकेदाराचे, इथपर्यंत मजल गेली होती. 1870 साली शहराच्या कारभाराची नवी सनद आली, त्यानंतर तर बिलं तपासून मंजूर करणाऱ्या मंडळात हॉल, कॉनोली आणि खुद्द ट्वीड हेच बसले.

आता सही बघा. 1870 च्या नोव्हेंबरात निवडणूक तोंडावर होती आणि कुजबुज वाढली होती. तेव्हा शहरातल्या सहा नामवंत धनिकांना कॉनोलीची वहीखाती तपासायला बोलावलं. त्यांत जॉन जेकब अ‍ॅस्टर होते, ज्यांच्या घराण्याची निम्म्या शहरात मालमत्ता. सहाही जणांनी हिशेब चोख असल्याचं लिहून दिलं. या सहांत कुणी गोदीवरचा हमाल नव्हता. आपल्या लेखात या दाखल्याला एक ओळही मिळालेली नाही.

आयरिशांनी टॅमनीला मतं दिली, हे खरंच. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने घरदार सोडायला लावलेली ही माणसं. 1860 च्या जनगणनेत न्यूयॉर्कची वस्ती आठ लाखांवर होती, त्यातला चौथा हिस्सा आयर्लंडमध्ये जन्मलेला. त्यांच्यासाठी सरकार म्हणून काही नव्हतंच. हिवाळ्यात कोळसा, रस्ता खोदायचं काम, पोराला जामीन, मयताला खर्च, जे काही मिळायचं ते वॉर्डातल्या टॅमनीच्या माणसाकडून. 1868 च्या निवडणुकीआधी न्यायमूर्ती बर्नार्डसारख्यांच्या कोर्टांनी नागरिकत्वाचे दाखले घाऊक वाटले, त्यांतले कितीतरी सरळ बोगस होते. त्याचं समर्थन मला करायचं नाही. पण दाखले आयरिशांनी घरी छापले नव्हते, त्यांच्यावर कोर्टाचा शिक्का होता.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. ट्वीडचं राजकारण सुरू झालं ते आगीच्या बंबावरून. तेव्हा अग्निशमन दल स्वयंसेवकांचं असे. गल्लोगल्ली बंब आणि प्रत्येक बंबाची टोळी, आग विझवण्याआधी पाण्याच्या नळावरून एकमेकांची डोकी फोडणारी. ट्वीड अमेरिकस कंपनीचा म्होरक्या. तिच्या बंबावर वाघाचं तोंड रंगवलेलं होतं. तोच वाघ पुढे व्यंगचित्रात टॅमनीचं चिन्ह होऊन बसला.

दंगलींचं मात्र आपल्या लेखकाने फारच सोपं केलं आहे. 13 जुलै 1863 ला, यादवी युद्धाच्या ऐन मध्यावर, सक्तीच्या लष्करभरतीची सोडत चालू असलेल्या थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरच्या कचेरीवर जमाव चालून गेला. पुढे होते 33 नंबरच्या बंबाचे लोक, कारण सोडतीत त्यांच्यातल्यांची नावं निघाली होती. भरतीच्या कायद्यात सूट होती ती बदली माणूस देणाऱ्याला किंवा 300 डॉलर भरणाऱ्याला, म्हणजे मजुराच्या जवळपास वर्षाच्या कमाईइतकी रक्कम. राग समजण्यासारखा होता. तो निघाला कुणावर? कृष्णवर्णीयांवर. माणसं दिव्यांच्या खांबांना लटकवली. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचं कृष्णवर्णीय मुलांचं अनाथालय लुटून जाळलं. आतली 233 मुलं मागच्या दाराने बाहेर काढली म्हणून वाचली. चार दिवसांत सुमारे 120 मृत्यूंची नोंद झाली. 1860 साली शहरात साडेबारा हजार कृष्णवर्णीय होते, 1865 साली दहा हजारसुद्धा उरले नाहीत. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यासाठी ज्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना जोतीरावांनी 1873 साली आपलं पुस्तक अर्पण केलं, त्याच अमेरिकेतली ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. जमावात आयरिश मोठ्या संख्येने होते, यावर पांघरूण घालता येणार नाही. पण त्याच जमावाशी काठ्या घेऊन भिडलेल्या पोलिसांतही आयरिश भरपूर होते आणि जमावाने हाल करून मारलेला कर्नल ओब्रायनही आयरिशच होता.

दंगल शमल्यावर काउंटीने 20 लाख डॉलर उभे केले. गरिबाचं नाव सोडतीत निघालं तर त्याच्या जागी बदली माणूस देण्यासाठी. हे काम बघणाऱ्या समितीत ट्वीड होता. ऑगस्टमध्ये सोडत पुन्हा सुरू झाली ती शांततेत. टॅमनीची मुळं इतकी खोल का गेली ते इथे कळतं. इतर पुढारी दंगेखोरांना फाशी द्या म्हणून ओरडत होते आणि हा गडी 300 डॉलरची सोय करून मोकळा झाला. पैसा अर्थात जनतेचाच.

ट्वीडच्या पतनातही दंगलीचा हात आहे. 12 जुलै 1871 ला आयरिश प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकीवर आधी बंदी घातली, मग गव्हर्नरने ती उठवली आणि एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर शिपायांनी विरोधाला जमलेल्या आयरिश कॅथलिक गर्दीवर गोळीबार केला. साठांहून अधिक माणसं मेली. आयरिशांना आपणच आवरून धरतो, ही ट्वीडची धनिकांपुढची मिजास त्या दिवशी संपली आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने आकडे छापायला घेतले. आकडे आले कुठून? काउंटीचा लेखापरीक्षक वॉटसन जानेवारीत बर्फावरच्या घसरगाडीच्या अपघातात गेला. नंतर वह्या हाताशी आलेल्या हिशेबनिसाने, मॅथ्यू ओरूर्कने, नोंदी उतरवून घेतल्या. माजी शेरीफ जेम्स ओब्रायननेही नकला पुरवल्या. नावं वाचा, दोघेही आयरिश वंशाचे.

ज्याच्या चित्रांनी ट्वीड जगभर बदनाम झाला तो टॉमस नॅस्ट हाही स्थलांतरितच, जर्मनीतल्या लांडाऊत जन्मून सहाव्या वर्षी न्यूयॉर्कला आलेला. गडी धाडसाचा, पण आयरिश माणूस काढताना त्याला माकडाचंच तोंड काढायचा. 1871 च्या एका चित्रात त्याने कॅथलिक बिशप मगरींसारखे काढले आहेत, डोक्यावरच्या टोप्यांचे जबडे करून शाळकरी मुलांवर सरपटत येणारे. चित्राचं नाव ‘अमेरिकेतली गंगा नदी’! आपल्या गंगेचा यात काय दोष होता, देव जाणे.

1873 साली ट्वीड दोषी ठरला, पळाला, स्पेनमध्ये सापडला आणि 1878 साली लडलो स्ट्रीटच्या तुरुंगात मेला. लेख तिथेच थांबतो. पुढे काय झालं? शहरांचा कारभार सुधारायला नेमलेल्या टिल्डन आयोगाने 1877 साली सुचवलं, की शहराच्या खर्चावर ताबा ठेवणारं वित्त मंडळ फक्त करदात्यांनी आणि ठरावीक भाडं भरणाऱ्यांनी निवडावं. ज्या धनिकवर्गाने 1870 साली वह्या चोख ठरवल्या, त्याच वर्गातून या सूचनेला जोरदार पाठिंबा मिळाला. विधिमंडळाने ती एकदा मंजूरही केली. घटनादुरुस्ती असल्याने दुसऱ्यांदा मंजुरी लागत होती. मधल्या निवडणुकीत मतदारांनी कल दाखवला आणि ती बारगळली. त्या मतदारांत आयरिश मजूर होतेच.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लेखापाल, सोलापूर