अप्रूव्ह न झालेले कमिट मेनमध्ये गेलेच कसे? डिपेंडंट रिव्ह्यूबद्दल तक्रार

सपोर्ट टीम, नमस्कार.

आमची महापेला छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या काही गाळेवाल्यांचं बिलिंग आम्ही सांभाळतो. तुमचं कोड रिव्ह्यू टूल आम्ही पैसे भरून वापरतो, फुकटच्या प्लॅनवर नाही. हे आधीच सांगते, कारण मागच्या तिकिटाचं उत्तर वाचून तसं वाटलं नाही.

झालं असं की दोन रिव्ह्यू होते, म्हणजे तपासून अप्रूव्ह करायचे दोन कोडबदल, एकावर एक. पहिल्यात बिलांच्या टेबलमध्ये हमालीचा वेगळा कॉलम टाकणारं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट), दुसऱ्यात त्या कॉलमवरून पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, छापणारा कोड. दुसऱ्याची ब्रांच (कोडची वेगळी शाखा) पहिल्यावरूनच काढलेली आणि तुमच्या 'डिपेंड्स ऑन' रकान्यात पहिल्याचा नंबर रीतसर भरलेला. पहिला अडकला होता कारण आमच्या डेटाबेसवाल्या दादांनी विचारलं होतं की कॉलम नॉट नल आहे, म्हणजे रिकामा चालत नाही, आणि डिफॉल्ट दिलेला नाही, मग जुन्या बिलांत काय जाणार? प्रश्न बरोबरच होता, मायएसक्यूएल (आमचा डेटाबेस) अशा वेळी एरर देत नाही, आकड्याचा कॉलम असेल तर गुपचूप शून्य भरून मोकळं होतं. जुनी हमाली 'इतर खर्च'मधून काढून भरायचं काम बाकी होतं, कमेंट उघडी होती, अप्रूव्हल नव्हतं.

दुसरा मात्र दोघांनी अप्रूव्ह केला. त्यांना मी काहीच बोलणार नाही, कारण तुमच्या स्क्रीनवर त्यांना फक्त दुसऱ्याचा डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, दिसत होता, जेमतेम एका पानाचा. मर्जचं (बदल मुख्य कोडात मिसळण्याचं) बटण हिरवं झालं, दाबलं गेलं, आणि त्या ब्रांचच्या पोटातले पहिल्याचे सगळे कमिटही (नोंदवलेले कोडबदल) मेनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रांचमध्ये, जाऊन बसले. म्हणजे दाखवताना तुम्ही पहिल्याचा भाग वजा करून दाखवता आणि मर्ज करताना अख्खं ढकलता! कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचा यात दोष नाही, ब्रांच मर्ज केली की तिच्यातले आधीचे कमिट येणारच, पण नंबर तुमच्याकडे भरलेला असताना तुम्ही साधं विचारतही नाही?

पहाटे मार्केटात जुन्या पट्ट्यांची प्रत काढली तर हमाली शून्य. तो पैसा माथाडी मंडळात भरायचा असतो, तिथे शून्य दिसल्यावर गाळेवाले फोनवर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मर्ज रिव्हर्ट केला, म्हणजे उलटवला, पण डेटाबेसवर चालून गेलेलं मायग्रेशन काय त्याने मागे येत नाही, ते हाताने निस्तरलं. वर आणखी घोळ म्हणजे दुरुस्ती करून तीच ब्रांच पुन्हा मर्ज केली तर जुने कमिट आलेच नाहीत, गिटच्या हिशेबी ते आधीच मेनमध्ये आहेत ना, मग रिव्हर्टचं रिव्हर्ट करत बसलो.

यावर मागच्या तिकिटात तुमचं उत्तर काय, तर तो रकाना 'फक्त माहितीसाठी' आहे आणि ब्रांच प्रोटेक्शन (ठरलेले अप्रूव्हल नसतील तर मर्ज रोखणारं सेटिंग) लावा. अहो, लावलेलंच होतं. ते त्या एका रिव्ह्यूचे अप्रूव्हल मोजतं, दोन हवे होते, दोन मिळाले, गेट उघडलं. गेरिट हे रिव्ह्यू टूल फुकट मिळतं, त्यात चेरी पिकचं (एकेक बदल सुटा उचलण्याचं) सेटिंग सोडलं तर खालचा चेंज अप्रूव्ह नसताना वरचा सबमिट होत नाही, आणि सोबत काय काय जाणार तेही आधी दिसतं. गिटलॅबच्या पेड प्लॅनमध्ये डिपेंडन्सी लावली की ती मर्ज होईपर्यंत बटण बंद राहतं. तुम्हालाच काय अवघड आहे?

आम्हाला हवंय ते एवढंच, की खालचा रिव्ह्यू उघडा असेल तर वरच्याचं बटण बंद ठेवा, अगदीच इमर्जन्सी असली तर ॲडमिनने कारण लिहून उघडावं आणि ते लॉगमध्ये राहावं. मर्जच्या आधी मेनमध्ये जाणाऱ्या सगळ्या कमिटची यादी दाखवा, डिफ नव्हे, यादी. आणि खालच्यावर कुणी फोर्स पुश केलं (जुने कमिट बदलून नवे चढवले) तर वरचे जुने अप्रूव्हल उडवा, कारण ज्या पायावर बघून हो म्हटलं तो पायाच बदललेला असतो.

आमचं रिन्यूअल मार्चमध्ये आहे. यातलं काय करणार, कधी करणार ते त्याआधी लेखी कळवा, 'फीडबॅक टीमकडे पाठवला आहे' असलं उत्तर नको. स्क्रीनशॉट आणि ऑडिट लॉग जोडलाय. आणि मागचं तिकीट तुम्ही 'सोडवलं' म्हणून बंद केलंय, ते आधी परत उघडा.

टेक लीड, महापे, नवी मुंबई