खोली विकायची म्हणतेस, तर ऐक

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या गिरणगावातली आपली चाळीतली खोली विकून डोंबिवलीला जा, हा तुझा लांबलचक मेसेज वाचला, बाबांनाही वाचून दाखवला. उत्तर फोनवरच दिलं असतं, पण फोनवर माझं एक वाक्य होईतो तुझी तीन होतात आणि बाबा शेजारी बसून मला खुणा करत राहतात. ते तुझ्या बाजूचे आहेत हे आधीच सांगून टाकते. त्यांना डोंबिवलीला दोन बेडरूम हव्यात, गॅलरीत कुंड्या हव्यात, आणि सकाळच्या संडासाच्या रांगेतून सुटका हवी. बेस्टमध्ये जन्मभर उभ्याने तिकिटं फाडलेल्या माणसाने एवढं मागितलं तर त्याला मी हसणार नाही. रांगेत मीही उभी असतेच.

पण तू एका दमात दोन गोष्टी लिहिल्यास. वर लिहिलंस, "एवढी रेस्टॉरंट्स आली, एरियाला भाव आलाय, आत्ताच विकून टाका." आणि खाली, "या हॉटेलवाल्यांनी आपल्या माणसांना हाकललं." बाई, हॉटेलवाल्यांना एवढं मोठं करू नकोस. ते मागून आले. आधी जमीन गेली.

तुझ्या जन्माच्या वर्षी, 1991 ला, सरकारने नियम केला होता की गिरणीची जमीन मोकळी करायची तर तिचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. आणि एक मालकाला. सगळ्या गिरण्यांची मिळून सहाशे एकरांच्या आसपास जमीन, म्हणजे आपल्या पोराबाळांना मैदानं आणि आपल्याला घरं मिळायला हरकत नव्हती. मग 2001 ला नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त रिकाम्या जागेची. आता गिरणीच्या आत रिकामी जागा असते किती? सगळीकडे शेड, गोदामं आणि खाती. हायकोर्टाने 2005 मध्ये आपल्या बाजूने निकाल दिला तेव्हा चाळीत पेढे वाटले होते, तुला आठवत असेल. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. त्याच सुमारास इथली मुंबई टेक्स्टाईल मिल 702 कोटींना गेली. त्या आकड्यात कॉफी कुठे आली, सांग? भाव वाढला तो त्या कागदांवर. हॉटेलं आली ती नंतर, जत्रेत भेळवाले येतात तशी. जत्रा त्यांनी भरवलेली नसते.

आणि गिरणी सुटली, हॉटेल आलं, असं एका रात्रीत झालेलंही नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा आजोबा रोज सकाळी डबा न घेता गेटपर्यंत जाऊन परत यायचे. त्यानंतर कितीतरी वर्षं या सगळ्या जागा नुसत्या पडून होत्या. मग त्या शेडमध्ये ऑफिसं आली. ऑफिसांतल्या पोरांना दुपारी जेवायला हवं, संध्याकाळी बसायला हवं. शेडला छप्पर उंच, मधे खांब कमी, वांद्र्यापेक्षा भाडं तेव्हा कमी. म्हणून हॉटेलं. त्यातलीही किती टिकतात बघ. पाटी बदलते, आतली टेबलं तीच. भाड्याने जसे आपण मेटाकुटीला येतो तसे तेही येतात. कोपऱ्यावरचा इराणी काय चहा वाईट करत होता म्हणून बंद झाला?

मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे. या भागात खाणं आणि खोली या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

तुझ्या आजीची खानावळ तू पाहिली नाहीस, तिच्या वहीतली जेवणाऱ्यांची नावं मात्र पाहिली आहेस. वीस-बावीस माणसं जेवायला असायची. दहा बाय बाराच्या खोलीत एवढी माणसं बसवायची कशी? पाळी होती म्हणून जमायचं. पहिल्या पाळीचे दुपारी साडेतीनला सुटून यायचे, दुसऱ्या पाळीचे तोवर जेवून गेलेले असायचे, रात्रपाळीवाल्यांची ताटं रात्री. ही सगळी एकटी माणसं, बायका-पोरं गावी. राहायची गावच्या मंडळाच्या खोलीत. भिंतीला लागून एकावर एक ट्रंका, ज्याची त्याची वळकटी, आणि एकजण उठून कामाला गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. चूल मांडायला जागाच नाही, म्हणून खानावळ. पगार झाला की महिन्याचा हिशेब. संपात हिशेब थांबले, जेवणं लगेच थांबली नाहीत. आजीने बांगड्या कधी मोडल्या ते आजोबांना पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

अशा बायका गिरणगावात हजारो होत्या. सावकाराकडून व्याजाने पैसे काढून धान्य भरायच्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आजीला त्यातूनच पहिलं कर्ज मिळालं. बँकेत सही करताना हात थरथरत होता म्हणायची, आणि पुढे व्याजाचा हिशेब मॅनेजरला तोंडी सांगायची.

आता आजची गोष्ट ऐक. दिवाळीत तू आम्हाला त्या नव्या ठिकाणी घेऊन गेलीस, आठवतं? बाबांनी मेनूकार्ड उलटं धरून दर आधी वाचले ते. तिथे पाणी द्यायला आलेला गोरटेला, बारीक मुलगा माझ्याकडे बघून हसला आणि तू विचारलंस, "तुला कसा ओळखतो?" अगं, तो आपल्या चाळीत राहतो. तिसऱ्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली खोली. मूळ भाडेकरू बदलापूरला गेलेत, त्यांनी ती या पोरांना दिली आहे. महिन्याला पंचवीस हजार, सहाजणांत मिळून. मूळ माणूस मालकाला आजही भाड्याचे काही शेच देतो, ते निराळं. सगळी पोरं गढवालकडची. दोघं किचनमध्ये, दोघं वाढायला, एकजण बारमध्ये, सहावा भांड्यांवर. रात्री एक-दीडला जिना चढतात, चपला हातात घेऊन, कुणाची झोप मोडू नये म्हणून. सकाळच्या शिफ्टचा उठला की त्याच्या गादीवर रात्रीचा झोपतो. गाद्या तीनच आहेत. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा मोजल्या.

हो, त्यांचा डबा माझ्याकडे आहे. म्हणूनच तू "या वयात कशाला" विचारतेस त्याला मी उत्तर देत नव्हते. कामाच्या दिवशी हॉटेलात स्टाफचं जेवण मिळतं, पण ते उभ्या-उभ्या, चार-साडेचारला, गर्दी नसेल तेव्हा. सकाळी पोटात काही नसतं आणि सुट्टीच्या दिवशी तर हॉटेलच्या जेवणाकडे बघवत नाही म्हणतात. त्यातला एकजण मडुआची भाकरी मागत होता. चौकशी केली तर आपली नाचणीच निघाली! आता आठवड्यातून दोनदा तीच करते. वर कांदा ठेचून देते. बाराशे रुपयांची थाळी दुसऱ्यांपुढे ठेवणारी पोरं ती भाकरी पेपरवर घेऊन जिन्यात बसून खातात.

2017 च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, 14 माणसं गेली, तेव्हा सगळे मालकांची आणि परवान्यांची चर्चा करत होते. मला मात्र तेव्हापासून रात्री जिन्यावर पावलं वाजेपर्यंत झोप लागत नाही. ते माझे कोणी नाहीत, हे बाबा मला रोज सांगतात.

तेव्हा हाकललं कुणी, हा प्रश्न तू चुकीच्या दारात विचारतेस असं मला वाटतं. गिरणीत कापड काढणारा माणूस गिरणीच्या भोंग्याच्या अंतरात राहू शकत होता. वाईट राहायचा, ट्रंकेला डोकं टेकून राहायचा, पण चालत घरी यायचा. या हॉटेलांत राबणारा पोरगा आज इथे राहतो तो केवळ अजून चार चाळी उभ्या आहेत म्हणून. त्या पडल्या की तो नालासोपाऱ्याला जाणार, आणि रात्री दीडला लोकल कुठली? शेवटची गाडी चुकली की फलाटावर. टॉवरमध्ये त्याला सहाजणांत खोली कोण देणार?

गिरणी कामगारांच्या घरांचं तर बोलूच नको. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज, आणि सोडतीत मिळाली ती घरं काही हजार, बरीचशी 225 फुटांची. आजोबांच्या नावाचा आपला अर्ज अजून कपाटात आहे, लॅमिनेट करून ठेवलाय बाबांनी. आता शेलू आणि वांगणीला घरं देतो म्हणतात. कामगारांच्या संघटना नको म्हणतायत. गिरणी परळला आणि घर कर्जतच्या वाटेवर, हा काय न्याय?

तुमच्या बंगळुरूच्या इंदिरानगरचं तू सांगत होतीस, तेही मला निराळं वाटलं नाही. शांत बंगल्यांची वसाहत, मग 100 फूट रोडला पब, मग गाड्या, मग म्हातारी माणसं पोलिसांत तक्रारी करणार, आणि शेवटी तीच म्हातारी माणसं बंगला भाड्याने देऊन मुलीकडे राहायला जाणार. तुझ्या घरमालकाने भाडं वाढवलं म्हणून तू चिडलीस. दहा महिन्यांचं डिपॉझिट देऊन राहतेस, चिडणारच. पण खाली ब्रुअरी आहे म्हणून खूश होऊन ती जागा तूच घेतली होतीस की. टोमणा नाही हा. असलाच तर लहानसा.

आता आपल्या खोलीचं. बिल्डरचा माणूस पुन्हा येऊन गेला. इमारत उपकरप्राप्त आहे, म्हणजे जुनी, दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, दुरुस्ती मंडळाचे टेकू तू पाहिलेच आहेस, पावसाळ्यात मागच्या जिन्याचा एक दगड सुटला. तेव्हा पुनर्विकास व्हायलाच हवा, त्यात माझं दुमत नाही. चाळ किती छान, माणुसकी किती, असं लिहिणारे सगळे चाळ सोडून गेलेले असतात. मला स्वतःचा संडास हवाय. मला लिफ्टही हवी आहे, गुडघे आता ऐकत नाहीत.

पण विकून जायचं नाही, हे माझं ठरलंय. तू हिशेब मांडलास, मीही मांडते. इथून केईएम आणि टाटा चालत. बाबांची तपासणी दर तीन महिन्यांनी, डोंबिवलीहून त्या गर्दीत त्यांना कोण आणणार, तू बंगळुरूहून? मसाला लालबागला, मासे कोपऱ्यावर, आणि माझे डबे इथे. डब्यातून जे येतं त्यात घर चालतं, बाबांच्या पेन्शनला हात लावावा लागत नाही. डोंबिवलीत कोण मला ओळखतं? पैसे बँकेत ठेवून व्याजावर बसायचं हा तुझा सल्ला एखाद्या निवृत्त प्रोफेसरांना दे.

माझी भीती दुसरीच आहे. नव्या इमारतीचा महिन्याचा मेंटेनन्स. शेजारच्या आवारातल्या कुटुंबांना टॉवरमध्ये घरं मिळाली, आणि दोन-तीन वर्षांत त्यातली निम्मी भाड्याने देऊन विरारला गेली. घर फुकट मिळालं पण लिफ्ट, पंप, वॉचमन हे फुकट नसतं. बिल्डर कॉर्पस फंड, म्हणजे त्या खर्चासाठी एकरकमी ठेव, देतो म्हणतोय, त्याचं व्याज किती वर्षं पुरेल हे कुणी सांगत नाही.

म्हणून तुझ्याकडे काम आहे. करारनाम्याचा मसुदा बाबा स्कॅन करून पाठवतील. तुझी ती वकील मैत्रीण आहे ना, तिला दाखव. चार गोष्टी बघायला सांग: कार्पेट एरिया आकड्यात लिहिलाय का, संक्रमण काळाचं, म्हणजे इमारत होईतो बाहेर राहायचं भाडं वर्षागणिक वाढतं का, काम रखडलं तर काय, आणि मेंटेनन्स किती वर्षं बिल्डरकडे. पार्किंगचं कलम सोडून दे, आपल्याकडे गाडी नाही.

आणि एक पाचवं, ते मी स्वतः रविवारच्या बैठकीत मांडणार आहे. मसुद्यात लिहिलंय की घराचा वापर "केवळ निवासासाठी". सेक्रेटरींना विचारलं, डबे चालतील का? ते हसले आणि म्हणाले, "काकी, टॉवरमध्ये फोडणीचा वास कसा चालेल?" खाली दोन हॉटेलं होणार आहेत, त्यांच्या धुराड्याची नळी नकाशात नववा मजला ओलांडून वर गेलेली दाखवली आहे. तिचा वास चालतो. मग घरगुती डबे करणाऱ्या भाडेकरूंना मुभा, असं एक वाक्य घाला म्हणावं. माझं अन्न परवान्याचं रजिस्ट्रेशन आहे, वर्षाला शंभर रुपये भरते, चोरून काही करत नाही. चाळीत आणखी तिघी-चौघी डबे करतात, त्या माझ्या बाजूने हात वर करतील. बाबा करतील की नाही, माहीत नाही.

ते वाक्य कायद्याच्या भाषेत कसं लिहायचं तेवढं मैत्रिणीकडून शनिवारपर्यंत पाठव. मराठीतच लिही म्हणावं, बैठकीत वाचून दाखवायचंय.

तुझी,
आई