जड इंग्रजी शब्दांचं काय करायचं

वाई,
रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बावधनच्या यात्रेतल्या बगाडावरचा इंग्रजी निबंध बाबांच्या फोनवर आला. औषधांचं दुकान बंद केल्यावर निवांत वाचला. वसतिगृहातल्या मुली दोन हजार अवघड शब्दांचं पुस्तक पाठ करताहेत, मीही घेऊ का, असं तू विचारलंयस. घे, पैसे पाठवते. फक्त 'ए'पासून ओळीने घोकायला बसू नकोस. तशा पुस्तकात ॲबेट, ॲबडिकेट, ॲबरेशन, ॲबहॉर असे एकसारखे दिसणारे शब्द शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि चार दिवसांत त्यांची डोक्यात खिचडी होते.

मी शब्द कसे लक्षात ठेवते ते सांगते. दुकानात थायरॉइडच्या चिठ्ठ्या रोज येतात. एकीवर हायपोथायरॉइड लिहिलेलं असतं, तिला थायरॉक्सिन द्यायचं. दुसरीवर हायपरथायरॉइड, तिला कार्बिमॅझोल. दोन्ही औषधं एकमेकांच्या उलट काम करतात, त्यामुळे तिथे घोळ घालून चालत नाही. 'हायपो' म्हणजे खाली, कमी. 'हायपर' म्हणजे वर, जास्त. एवढं पक्कं झालं की दुकानाबाहेरचे शब्दही ओळखीचे वाटायला लागतात. हायपोडर्मिक सुई कातडीच्या खाली जाते. हायपोथिसिस म्हणजे विचाराच्या खाली पाया म्हणून ठेवलेलं गृहीतक. आणि तुमच्या व्याकरणात अलंकारांच्या यादीत असतो तो हायपर्बली, म्हणजे अतिशयोक्ती. (तो 'हायपरबोल' म्हणायचा नाही. तसंच 'एपिटोम' नाही, एपिटमी. डिक्शनरीच्या ॲपमध्ये स्पीकरचं चित्र असतं, ते दाबून आधी ऐकायचं आणि मगच वहीत लिहायचं.)

'एपि' म्हणजे वर, अंगावर. एपिडर्मिस ही कातडीची वरची पापुद्री, एपिटाफ हा थडग्यावरचा लेख, एपिडेमिक म्हणजे लोकांवर आलेली साथ. त्यातला 'डेम' म्हणजे लोक. तोच नागरिकशास्त्रातल्या डेमोक्रसीत आणि भूगोलातल्या डेमोग्राफीत आहे. एका शब्दाला धरून पाच शब्द घरात येतात ते असे. मात्र दिसण्यावर भाळायचं नाही. पेडल आणि पेडेस्ट्रियन यांतला 'पेड' लॅटिन, त्याचा अर्थ पाय. पेडिॲट्रिक्समधला ग्रीक, त्याचा अर्थ मूल. तेव्हा अंदाज जरूर कर, पण डिक्शनरी उघडून खात्री केल्याशिवाय वहीत चढवू नकोस.

आता माझा आवडता घोळका. जुन्या ग्रीक वैद्यांचं म्हणणं असं, की शरीरात चार रस असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. जो रस वरचढ, तसा माणसाचा स्वभाव. आजी 'पित्तप्रकृतीचा आहे तो' म्हणते, त्यातलाच प्रकार. ते वैद्यक कधीच मागे पडलं, इंग्रजीत शब्द मात्र राहिले आणि तुझ्या त्या पुस्तकात चारही असतील. रक्त वरचढ तो सँग्विन, म्हणजे उमेदीचा, आशावादी. कफाचा तो फ्लेग्मॅटिक, काही झालं तरी न हलणारा (आपले काका डोळ्यांसमोर आण). पिवळ्या पित्ताचा कॉलेरिक, रागीट. काळ्या पित्ताचा मेलँकॉली, उदास. त्यातला 'मेलन' म्हणजे काळा, तोच त्वचेतल्या मेलॅनिनमध्ये आहे. आणि 'कोले' म्हणजे पित्त. कोलेस्टेरॉल पहिल्यांदा पित्ताशयातल्या खड्यांमध्ये सापडलं म्हणून त्याचं नाव तसं पडलं. हे कळल्यापासून कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ॲटॉर्व्हास्टॅटिनची पाकिटं मांडतानासुद्धा मला मौज वाटते.

तुझा 'प्लेथोरा'ही याच घराण्यातला. जुन्या वैद्यकात अंगात रक्त फाजील झालं की त्याला प्लेथोरा म्हणायचे. म्हणून आजही त्या शब्दाला 'गरजेपेक्षा जास्त, फार झालं' अशी छटा आहे. बावधनला रंगपंचमीला प्लेथोरा लोक आले असं तू लिहितेस, तेव्हा गर्दीचा तुला वैताग आला होता असं वाचणाऱ्याला वाटेल. तुला तर गर्दीच आवडली होती! तिथे साधा क्राउड चालला असता.

त्याहून मला खटकलं ते बैलांचं वाक्य. बैल 'परॅम्ब्युलेट' करत होते म्हणे. अगं, परॅम्ब्युलेट म्हणजे रमतगमत फेरफटका मारणं. भैरवनाथाचं ते बगाड, तो अवाढव्य लाकडी गाडा, शेतांतून ओढताना बैलांच्या माना खाली जातात, खूर मातीत रुततात, तोंडाला फेस येतो. ते फेरफटक्याला निघालेले नसतात. इंग्रजीत या ओढण्याला हॉल, हीव्ह, स्ट्रेन असे छोटे, दणकट शब्द आहेत. अवघड शब्द लांबच असतो हे कुणी सांगितलं तुला? स्ट्रेन हा नेमक्या जागी वापरणं परॅम्ब्युलेट पाठ करण्यापेक्षा कठीण आहे, आणि माझ्या मते तोच वरच्या इयत्तेचा शब्द.

शब्द कुणाबरोबर बसतो तेही त्या शब्दाच्या कार्डावर (कार्डं मी पाठवतेय) लिहीत जा. आपण मुसळधार पाऊस आणि कडक चहा म्हणतो, मुसळधार चहा म्हणत नाही. इंग्रजीतही रेन हेवी असतो आणि टी स्ट्राँग. म्हणून नुसता अर्थ लिहिण्याऐवजी एक आख्खं वाक्य लिही, तेही तुझ्या वसतिगृहातलं किंवा आपल्या गल्लीतलं. पुस्तकातलं वाक्य उतरवलंस तर ते पुस्तकातच राहील.

कोणते शब्द आधी घ्यायचे? न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांतले शब्द मोजून 570 शब्दकुटुंबांची (एक शब्द आणि त्यापासून बनणारी रूपं मिळून एक कुटुंब) यादी केली. ॲनालाइज, एव्हिडन्स, सिग्निफिकंट, कन्सिस्ट असे शब्द आहेत त्यात. मिरवायला काही उपयोगाचे नाहीत, पण विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या धड्यात पानोपानी तेच भेटतात. ही यादी इंटरनेटवर फुकट मिळते, तिच्यापासून सुरुवात कर.

उजळणीचं म्हणशील तर एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एका रात्रीत शंभर वेळा घोकण्यापेक्षा दिवस मध्ये सोडून परत पाहिलेलं टिकतं. पुढे 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनरने त्यासाठी कप्प्यांचा खोका सुचवला. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. तो रोज बघायचा. बरोबर आलं की कार्ड दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. मग तिसऱ्यात, तो आठवड्याने. चुकलं की ते कार्ड गुमान परत पहिल्यात. रोज पाच-सहा नवे शब्द पुरेत. पन्नास घेतलेस तर आठवड्याने पहिला कप्पा बंदच होणार नाही.

खोका मी तयार केलाय. सलाइनच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे पडदे घालून पाच कप्पे केलेत आणि त्या मापाची कोरी कार्डंही कापून ठेवलीत. शनिवारी बाबा येतील तेव्हा घेऊन येतील. कार्डं बॉलपेननेच लिही, जेलची शाई त्या पुठ्ठ्यावर फुटते. खोक्याला दुकानाचा वास येत होता म्हणून दोन दिवस गच्चीवर ठेवलाय, तरी राहिलाच तर खिडकीत ठेव. डिंकाचे लाडूही पाठवतेय, मैत्रिणींना दे.

तुझी,
आई