उसनी वस्तू परत मागायची भीड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ठाण्यात संगणक अभियांत्रिकी शिकवते. विद्यार्थ्यांनी एकमेकांना वस्तू उसन्या देण्याचे वेब ॲप हा विषय प्रकल्पासाठी मुले हौसेने निवडतात. कल्पना चांगलीच आहे. पहिल्या वर्षी ड्रॉइंगसाठी घेतलेला मिनी ड्राफ्टर (रेषा-कोन आखायचे पट्ट्यांचे साधन) पुढे माळ्यावर धूळ खातो आणि त्याच इमारतीत दुसऱ्या कुणाचे तरी आईवडील नवा विकत आणतात. अ‍ॅप्रन, शीट कंटेनर, आर्डुइनो बोर्ड (इलेक्ट्रॉनिक प्रयोगांसाठीचा छोटा सर्किट बोर्ड) यांचेही तेच.

पण मुलांचा सगळा जीव वस्तूंच्या यादीत आणि फोटोंत अडकतो. वस्तू हातातून गेली की ॲपचे काम संपले, असे धरून चालतात. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. परीक्षा तोंडावर आली तरी कॅल्क्युलेटर मित्राकडेच असतो आणि मागायची भीड वाटते. 'एवढ्याशासाठी मागे लागलास!' हे ऐकून घेण्यापेक्षा मुले गप्प बसतात आणि पुढच्या वेळी कुणालाच काही देत नाहीत.

भारतीय करार कायदा, १८७२ इथे अगदी स्पष्ट आहे. कलम १६० प्रमाणे मुदत संपताच, कुणी मागण्याची वाट न पाहता वस्तू परत करायची असते. कलम १५१ प्रमाणे, समंजस माणूस स्वतःची वस्तू जपतो तितकी ती जपायची असते. ॲपची बांधणी या दोन कलमांभोवती व्हावी, असे मला कळकळीने वाटते. मुदतीच्या आदल्या दिवशी घेणाऱ्याला ॲपनेच आठवण करून द्यावी, म्हणजे देणाऱ्याला तोंड उघडावे लागणार नाही. वस्तू देताना दोघांनी मिळून फोटो काढावा. ड्राफ्टरचा स्क्रू ढिला आहे, पट्टीला तडा आहे, हे तेव्हाच लिहून ठेवले की मागाहून वाद होत नाही. आणि 'परत मिळाले' ही खूण फक्त देणाऱ्यालाच करता यावी.

आणखी एक गोष्ट, जी मुलांकडून हमखास सुटते. एकाच कॅल्क्युलेटरला एकाच दिवसासाठी दोघांनी एकदम मागणी केली, तर दोघांनाही 'मंजूर' दिसते. मोकळा आहे का हे तपासणे आणि नोंद करणे, यांच्या मधल्या क्षणात दुसरा शिरतो. एका वस्तूच्या तारखा एकमेकींवर येऊच नयेत, हा नियम थेट डेटाबेसमध्ये घालावा. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस प्रणालीत तशी सोय आहे.

मुले पास होऊन गेली की सर्व्हरचे पैसे कोण भरणार? म्हणून कॉलेजांना विनंती, की हे काम ग्रंथालयाच्या देवघेव विभागाकडे द्यावे. ओळखपत्र तपासणे, मुदत लावणे, थकलेले वसूल करणे हे त्यांचे रोजचेच काम आहे आणि कॉलेज सोडताना 'नो ड्यूज'वर सहीही त्यांचीच लागते. वस्तूंची देवाणघेवाण त्याच काउंटरवर झाली, तर बदलापूर-वाशीहून येणाऱ्या मुलींना अनोळखी माणसाला नंबर द्यावा लागणार नाही की ठाणे स्टेशनच्या पुलावर ताटकळावे लागणार नाही. पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधीच वरच्या वर्गातल्यांचे ड्राफ्टर नोंदवून घेतले, तर ते यंदाच्याच मुलांच्या हाती पडतील.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, नौपाडा, ठाणे (प.)