अंदमानच्या उपराज्यपालांना पत्र: पायाखालच्या प्रवाळाबद्दल

मा. उपराज्यपाल,
अंदमान आणि निकोबार द्वीपसमूह यांस,

स.न.वि.वि.

मराठी माणूस अंदमानला येतो तो आधी सेल्युलर जेलसाठी. सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडतो, डोळे पुसतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस लाइफ जॅकेट चढवून समुद्रात उतरतो आणि जिवंत प्रवाळावर खुशाल उभा राहतो. त्याला तो दगड वाटतो. गेल्या फेब्रुवारीत मीही असाच उभा राहिलो.

बेटाचं नाव घेत नाही. गाइड मला रबरी ट्यूबला धरून ओढत नेत होता. मास्कमध्ये पाणी शिरलं, मी धडपडलो. "खडे हो जाओ, नीचे पत्थर है," तो म्हणाला. उभा राहिलो तर पायाखाली पापडासारखं काहीतरी मोडलं. मास्क नीट करून पाहिलं: बोटाएवढी तपकिरी फांदी, मोडल्या जागी पांढरीशुभ्र. एक पट्टेरी मासा तिथेच घुटमळत होता.

परतताना विमानतळावर वहिनीच्या पर्समधला, किनाऱ्यावर वेचलेला प्रवाळाचा तुकडा काढून घेतला. योग्यच केलं; वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत आहे. मी मान खाली घालून उभा होतो. मला कोणीच काही विचारलं नाही.

महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं तुम्ही आळीपाळीने खुली ठेवता, प्लॅस्टिकची बाटली नेऊ देत नाही. लोक मुकाट पाळतात. २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून अंदमानचं प्रवाळ पांढरं पडलं, म्हणजे मरणाच्या दारात गेलं, त्याला तुम्ही काय करणार! पण पर्यटकाचे पाय आवरता येतील. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतं, घुमटासारखं तर जेमतेम एक.



मागणी एवढीच. नवख्याला आधी वाळूच्या तळावर, कमरेएवढ्या पाण्यात मास्कची सवय करू द्या. प्रवाळावर उभं करणाऱ्या गाइडचा परवाना थांबवा. आणि बेटावर जाताना बोटीत पाच मिनिटं मराठी, बंगाली, तमिळ, तेलुगूत सूचना ऐकवा. आमच्या बोटीत तेव्हा गाणी लावली होती.

मराठी मजकूर मी लिहून देतो. मानधन नको.

आपला,
एक पर्यटक, पुणे